लिलाबाईची सही

धरणगावात लिलाबाईचं घर विचारलं की लोक आधी उलट विचारायचे, "कोणती लिलाबाई? ब्लाउजवाली का येडी?" दोन्ही एकच, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असायचं. ब्लाउज शिवायला टाकायचा असला की ती ब्लाउजवाली, आणि शिवून घरी आला की येडी.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. लिलाबाई तेव्हा सत्तावीस वर्षांची. माहेर धुळ्याकडचं, शिक्षण सातवी पास. नवरा सुकदेव जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामावर. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस बसलेला असायचा. एकच मुलगी, पाच वर्षांची, तिला सगळे बेबी म्हणत. सासू रुक्माबाई त्यांच्याकडेच राहायची. भिंतीला भिंत लावून मोठे दीर देवचंद नाना आणि जाऊ भिकुबाई.

लिलाबाईकडे पायाचं मशीन होतं. त्यावर ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. शिवाय बाजारातल्या रुपचंद टेलरचे शर्ट तिच्याकडे काज-बटणाला यायचे. काज म्हणजे बटण घालायची ती फट. हाताने करायची, एकाला एक लागून टाके घ्यायचे, मुंग्या रांगेने चालल्यासारखे. काम कंटाळवाणं, मान मोडून जाते. रुपचंद म्हणायचा, "माझ्या दुकानात तीन कारागीर आहेत, पण काज लिलाबाईचं."

तिच्या आजाराची पहिली खबरही काजावरूनच लागायची. डोकं भरधाव सुटलं की टाके उड्या मारत. एकदा तिने सात काजांच्या शर्टाला अकरा काजं केली होती आणि वर खुशीत सांगितलं होतं, "चार जास्तीची दिली, भाऊ, राहू द्या." आणि डोकं खाली बसलं की सुईत दोरा ओवला जायचा नाही. शर्ट मांडीवर, सुई बोटात, आणि सकाळची दुपार झालेली.

हे सुरू झालं बेबीच्या बाळंतपणानंतर. दहाव्या दिवशी बाई उठली, अंगण सारवलं, शेजारचं अंगण सारवलं, मग गल्ली सारवायला निघाली. तीन दिवस झोप नाही. नंतर दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून. घरच्यांनी काय काय केलं ते सांगत बसत नाही. जे सगळे करतात तेच केलं, उतारे आणि धागे. अडीच वर्षं गेली त्यात. शेवटी जिनिंगमधल्या एका मुकादमाने सुकदेवला जळगावच्या मनाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

डॉक्टर शांत माणूस होता. त्याने लिथियमच्या गोळ्या दिल्या, रक्त तपासायला मुंबईला पाठवलं, आणि लिलाबाईला समोर बसवून सांगितलं, "हा आजार चढतो आणि उतरतो. गोळी त्याला मधे धरून ठेवते. बंद करायची नाही. आणि ह्या गोळ्या चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, बाळाच्या हृदयाला इजा होऊ शकते. मूल हवं असेल तर आधी माझ्याकडे या, आपण मिळून ठरवू."

मिळून ठरवू. लिलाबाईला 'तू ठरव' असं बोलल्यासारखं वाटलं, कारण डॉक्टर बोलताना सुकदेवकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

मग गावातल्या नर्सबाई इंदिराबाईंनी तिला पाळणा लांबवायच्या गोळ्या दिल्या. फुकटच्या, सरकारी. एका पाकिटात एकवीस पांढऱ्या आणि शेवटी सात तपकिरी. "पांढऱ्या त्या कामाच्या," इंदिराबाईंनी बोट ठेवून दाखवलं. "तपकिरी नुसत्या लोहाच्या, रक्ताला. पाळी त्या दिवसांत येते. रोज एक, ह्या ओळीने. चुकवायची नाही." लिलाबाईने दोन वर्षं चुकवली नाही. मनाच्या गोळ्या आणि पाळण्याच्या गोळ्या दोन्ही ती दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात ठेवायची. सकाळी डबा उघडला की दोन गोळ्या, मग दोरा, मग काम.

आता कानबाई, खानदेशातली घराघरांत बसणारी देवी.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ-मूठ गहू काढायचा, त्याचे रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. घर धुऊन-सारवून लख्ख पाहिजे, आणि बायका त्याहून लख्ख. ज्या बाईची पाळी आली ती दाराबाहेर. वर्षभर वाट बघितलेला सण, पाहुणे आलेले, गाणी चाललेली, आणि ही कोपऱ्यात पोत्यावर बसून दुसऱ्यांच्या फुगड्या बघणार. म्हणून तारीख जवळ आलेल्या बायका पाळी लांबवायच्या गोळ्या शोधतात. दुकानातून आणायची लाज. मग जिच्या घरात पाळण्याच्या गोळ्या आहेत तिच्याकडे जायचं, आवाज बारीक करून.

त्या साली कानबाई देवचंद नानांच्या घरी बसणार होती. आठ दिवस आधी भिकुबाई मागच्या दाराने आली.

"लिला, तुन्ह्या त्या गोळ्या शेत ना वं? माले दे. मन्ही तारीख बरोबर रविवारनी शे."

"अक्का, घ्या की!" लिलाबाई म्हणाली. ती तेव्हा पहाटे चारला उठत होती. कानबाईला शिवायच्या वस्त्राला तिने पाच रंगांची किनार लावली होती आणि सहावी लावत होती. सगळं सोपं वाटत होतं. सगळे लोक चांगले वाटत होते. येडी म्हणणाऱ्या बायका आज दारात उभ्या होत्या, एकामागून एक: चुलत सासू, तिची सून, नानांची पाचोऱ्याहून आलेली लेक, आणि चुलत जाऊ पार्वताबाई. भिकुबाई धरून पाच जणी. लिलाबाईने डबा पुढे ओढला आणि कात्रीने पाकिटं कापून वाटायला सुरुवात केली. प्रसाद वाटतात तशी.

भिकुबाई मोठी जाऊ, तिला साधं कसं द्यायचं? "अक्का, तुम्हाला ह्या घ्या, ताकदीच्या," म्हणून तिने तपकिरी गोळ्यांचे तुकडे तिच्या पदरात टाकले. आणि भिकुबाई खूश झाली. बाकीच्यांना पांढऱ्या, आपल्याला रंगीत!

शेवटी एक पाकीट उरलं. अख्खं. लिलाबाईने ते हातात धरलं. तेवढ्यात पार्वताबाई म्हणाली, "मन्ह्या नणंदले पण लागतीन वं."

लिलाबाईने तेही दिलं.

"आनि तुले?" पार्वताबाईने विचारलं.

"मला कशाला?" लिलाबाई म्हणाली.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लिलाबाईलाही ते विसरता आलं नाही.

रविवारी दुपारी, रोटांचं पीठ परातीत पडलेलं असताना, भिकुबाईची पाळी आली. तपकिरी गोळ्यांनी तिचं रक्त वाढलं असेल, पाळी कशाला थांबेल? यजमानीणबाई स्वतःच्या घरच्या कानबाईला दाराबाहेर. तिने पोत्यावर बसून जो तोंडाचा पट्टा सोडला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "त्या येडीनी माले भलत्याच गोळ्या दिन्ह्यात! मुद्दाम दिन्ह्यात! बठ्ठ्यासले पांढऱ्या, माले तपकिरी!"

तेव्हा देवचंद नानांसकट सगळ्या पुरुषांना कळलं की घरातल्या पाच बायका वेडीच्या डब्यातून गोळ्या खात होत्या. पाचही जणींनी माना खाली घातल्या. कोणी म्हटलं का, की आम्ही मागायला गेलो होतो? नाव नको. लिलाबाई मात्र हसत होती. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन मिरवत नेली तेव्हा ती सगळ्यांत पुढे नाचली, इतकी की आधी लोकांना वाटलं अंगात आलं. मग ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना घरी जेवायला बोलवायला लागली तेव्हा लोकांना वाटलं डोकं गेलं.

"तिले चढेल शे," सासू म्हणाली. "ने जळगावले."

सुकदेवने नेलं. डॉक्टरांना त्याने झोप सांगितली, बडबड सांगितली, सहा रंगांची किनार सांगितली. गोळ्या वाटल्याचं सांगितलं नाही. बायकांच्या गोष्टी, दवाखान्यात चार माणसांसमोर काय बोलायच्या? डॉक्टरांनी लिथियम वाढवलं, झोपेची गोळी दिली. इंदिराबाई त्या दिवसांत ट्रेनिंगला गेलेल्या. डब्यात पाळण्याची गोळी एकही नव्हती, हे लिलाबाईला दिसत होतं. पण गोळीच्या गुंगीत दिसणं आणि कळणं यांच्यात आठ-आठ दिवसांचं अंतर पडायचं.

गणपतीत पाळी आली नाही. पितृपाठ लागला तरी आली नाही. सकाळी उलटी झाली तेव्हा रुक्माबाईने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आणि मग त्या घरात जी गंमत सुरू झाली तिला काय म्हणावं? चढ-उताराचा आजार लिलाबाईला होता, डॉक्टरचा कागद होता तसा. पण त्या पंधरा दिवसांत ती एकटी भानावर होती आणि बाकीचं घर चढत-उतरत होतं.

सोमवारी सासू म्हणाली, "यंदा आंडोरच व्हई. मन्हा नातू. फेकी दे त्या जळगावन्या गोळ्या." आंडोर म्हणजे मुलगा. मंगळवारी लिलाबाई बेबीच्या एका बोलण्यावर जरा मोठ्याने हसली, तर तीच सासू म्हणाली, "नको माय. येडीना पोटना पोरगा येडाच निंघना म्हणजे?" बुधवारी भिकुबाई भिंतीवरून म्हणाली, "ऑपरेशन करी टाका. पोट बी साफ आनि पुढला ताप बी बंद." गुरुवारी तीच भिकुबाई लिंबाचं लोणचं घेऊन आली आणि पोटाचा आकार बघून गेली.

सुकदेवचं वेगळंच. तो रात्रपाळी मागून घ्यायला लागला होता. एका सकाळी कापूस झटकता झटकता म्हणाला, "जळगावच्या डॉक्टरला विचारू."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. गोळ्या वाटल्याचं या वेळी लिलाबाईने स्वतःच सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "सुरुवातीचे आठवडे लिथियमवर गेले आहेत, तेही वाढवलेल्या. बाळाचं हृदय बिघडेलच असं नाही, पण शक्यता आहे. ठेवायचं असेल तर गोळी आज थांबवावी लागेल, आणि मग तुम्हाला त्रास होण्याची शक्यता आहे. तुमचं पहिलं बाळंतपण आठवतंय ना? नको असेल तर कायद्याने पाडता येतं, पण लवकर. दोन्हीकडे धोका आहे, लिलाबाई. मी एकच खरं सांगू शकतो, की मला नक्की सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर सुकदेव म्हणाला, "हा कसला डॉक्टर? आपण विचारायला आलो, तर म्हणतो माहीत नाही."

लिलाबाईला तो डॉक्टर पहिल्यांदाच खरा वाटला.

पण तिचा गोंधळ बाळाच्या हृदयापाशी थांबत नव्हता. तिला सतावत होतं ते 'मला कशाला?' तिला तो क्षण लख्ख आठवत होता: कात्री, पाकिटाचा चुरचुर आवाज, पार्वताबाईचा हिरवा चुडा. पण ते बोललं कोण? आजार बोलला का? का दुसरं मूल हवं म्हणणारी एखादी बाई इतके दिवस डब्याच्या तळाशी गप्प बसली होती आणि तिला त्या दिवशी तोंड सापडलं? का ती नुसती खुश होती, लोक दारात आले म्हणून? दान केलं म्हणावं तर मूर्खपणा. मूर्खपणा म्हणावं तर मागायला आलेल्या पाच जणी शहाण्या कशा? आणि आता जे वाटतंय ते तरी कोणाचं? गोळीने धरून ठेवलेल्या लिलाचं, का गोळीच्या आतल्या?

याला तपासणी मुंबईला नव्हती. तिच्याकडे होतं ते काज.

तिने रुपचंदकडून शर्ट मागवले. डोकं ठिकाणावर असलं की काज बरोबर येतं, हे तिला पाच वर्षांत कळलं होतं. तेव्हा काज करायचं, आणि बरोबर आलं की त्या वेळी मनात जे असेल ते आपलं धरायचं. साधा हिशोब. सोमवारी दुपारी तिने सात काजं केली. मुंग्यांची रांग, एक टाका इकडचा तिकडे नाही. आणि मनात होतं, ठेवू. बेबीला भाऊ नाहीतर बहीण. उद्या मी गेले तर बेबी एकटी राहायची नाही, असलं काहीतरी.

तिला इतकं हलकं वाटलं की तिने चहा केला आणि सासूलाही दिला.

बुधवारी तिने खात्री करायला दुसरा शर्ट घेतला. पुन्हा सात काजं. पुन्हा रांग सरळ. आणि मनात होतं, नको. बेबीला जन्मल्या जन्मल्या जे बघावं लागलं ते आणखी एका जिवाला नको. गोळी थांबली आणि मी पुन्हा गल्ली सारवायला निघाले तर बेबीची वेणी कोण घालणार?

तिने दोन्ही शर्ट शेजारी शेजारी धरले. काजांत फरक नव्हता. रुपचंद आला असता तर त्याने दोन्ही शर्ट एकाच बाईचे, एकाच दिवशीचे म्हणून घडी घातली असती.

ती घाबरली. इतकी ती चढलेली असतानाही कधी घाबरली नव्हती. आपलं माप खोटं निघालं असं तिला वाटलं. धड डोक्याच्या बाईलाही एकाच पोटाबद्दल दोन मनं असू शकतात, हे तिला सांगणार कोण? ज्या घरात सोमवारची सासू मंगळवारी वेगळी होती, त्या घरात याला आजार फक्त तिच्या बाबतीत म्हणत.

संध्याकाळी सुकदेव आला. तिने शर्ट त्याच्यासमोर टाकले. "बघा."

त्याने उजेडाकडे धरून बघितले. गाठी बांधणारा माणूस, पण बायकोचा टाका त्याला वाचता यायचा. तिला जळगावला कधी न्यायचं ते तो त्यावरूनच ठरवायचा. "चांगले आहेत," तो म्हणाला. "दोन्ही."

"हा ठेवू म्हणाला, तो नको म्हणाला."

"कोण?"

"शर्ट."

सुकदेवने तिच्याकडे नीट बघितलं. तिला कळलं तो काय तपासतोय. "बरळत नाही मी," ती म्हणाली. "दोन्ही मीच आहे. ते सांगतेय."

त्याला ते कळलं का? कोण जाणे. पण त्याने शर्ट घडी घालून तिच्या हातात दिले, फेकले नाहीत.

शुक्रवारी ते एका सरकारी दवाखान्यात गेले. बरोबर इंदिराबाई होत्या, ट्रेनिंगहून परत आलेल्या. भली बाई, पण मार्चपर्यंत तिला ऑपरेशनच्या केसेस भरून द्यायच्या होत्या आणि वरून रोज कागद येत होते. वाटेत बसमध्ये सुकदेवने बायकोला हळूच विचारलं, "काय ठरलं?"

"काल रात्रीपर्यंत ठेवू म्हणत होते," ती म्हणाली. "आता नको म्हणतेय. उद्या विचाराल तर रडेन. पण बाळ झाल्यावर सापडणार नाही अशी आई मला त्याला द्यायची नाही. हे मात्र कालही म्हणत होते आणि आजही म्हणतेय."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घाईत होत्या. बाहेर बाकावर चौदा बायका. त्यांनी जळगावची चिठ्ठी वाचली, लिलाबाईकडे न बघता फॉर्म सुकदेवपुढे सरकवला. "मानसिक आजार आहे ना, मग हिची सही चालत नाही. पालक म्हणून तुम्ही करा. दोन ठिकाणी."

"दोन कशाला?" लिलाबाईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. "एक गर्भपाताची, एक ऑपरेशनची. दोन्ही बरोबरच करतो आम्ही."

"ऑपरेशन आम्ही म्हटलं नव्हतं."

"बाई, अशा पेशंटला गोळ्यांचा भरवसा नसतो. सहा महिन्यांनी परत याल."

लिलाबाई सातवी पास. तिने फॉर्म स्वतःकडे ओढला आणि सावकाश, ओळीखाली बोट धरून वाचला. मग टेबलावरचं पेन उचललं आणि ऑपरेशनच्या ओळीवर रेघ मारली. सरळ. पट्टी न लावता मारली तरी सरळ.

"अहो, फॉर्म खराब केला!" शेजारची सिस्टर ओरडली.

"दुसरा द्या. त्याच्यावर पण मारते."

"इंदिराबाई, ही काय भानगड आणली तुम्ही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या वाटून टाकल्या म्हणे हिने. ही काय सांभाळणार?"

"वाटल्या," लिलाबाई म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. इथे आवाज चढला असता तर तो तिचा धरला गेला नसता, आजाराचा धरला गेला असता. "मी आजारी होते म्हणून वाटल्या. घ्यायला आल्या त्या पाच जणी धड होत्या. माझं ऑपरेशन लिहिता, तर त्यांची नावं पण लिहून घ्या. सांगू?"

बाकावरची एक म्हातारी खुदकन हसली. इंदिराबाईंनी तोंडाला रुमाल लावला. त्या पाच जणींतल्या दोघींना त्यांनीच बाळंत केलं होतं.

"मग करायचं काय तुझं?" डॉक्टरीणबाई आता थेट तिच्याशी बोलत होत्या. अगं-तुगं, पण तिच्याशी.

"माझं डोकं फिरलं तरी फिरणार नाही, असं काही असेल तर ते बसवा. कोणी दारात आलं तरी काढून देता येणार नाही असं."

इंदिराबाई हळूच म्हणाल्या, "तांबी बसवू मॅडम. त्याच वेळी बसेल. नजर ठेवायला मी आहे." तांबी म्हणजे कॉपर-टी. ती बसवली तर ऑपरेशनची केस मोजली जात नाही, हे इंदिराबाईंना माहीत होतं. चेहऱ्यावर दिसतही होतं.

डॉक्टरीणबाईंनी दुसरा फॉर्म काढला. ऑपरेशनची ओळ स्वतःच खोडली. "पालकाची सही तरी लागेलच. कायदा आहे."

सुकदेवने पेन हातात घेतलं आणि थांबला. त्याच्या कपाळावर घाम, घामात कापूस. "आधी तिची घ्या," तो म्हणाला. "मग माझी खाली."

"तिची लागत नाही."

"लागत नाही ते बरोबर. पण असली तर काही बिघडतं का?"

याचं उत्तर फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिलाबाईने सही केली: पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एकाला एक लागून. खाली सुकदेवने. सुकदेवची जास्त हलली.

घरी आल्यावर ती तीन दिवस रडली. सासू म्हणाली, "आते कसाले रडस? तुनीच सही करी ना?" जणू स्वतःच्या सहीवर रडायची मनाई असते. भिकुबाई शेगडी पेटवून गेली, शेक द्यायला. सुकदेवने गोळ्यांचा डबा रोज सकाळी तिच्यापुढे ठेवला आणि ती गिळेपर्यंत दारात उभा राहिला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "उभे राहू नका. मोजून घेते मी." तो बाजूला झाला, पण लांब गेला नाही.

पुढल्या वर्षी कानबाईच्या आठ दिवस आधी पार्वताबाई मागच्या दाराने आली, आवाज बारीक करून. लिलाबाईने डबा उघडून दाखवला: रिळं आणि मनाच्या गोळ्या. बास.

"अवं माय," पार्वताबाई खरंच नाराज झाली. "तुले तांबी बसाडाले कोणी सांगं? आते आमी कोठे जावानं?"

"इंदिराबाईंकडे जा. दिवसाउजेडी, पुढच्या दाराने."

गेली नाही. त्या वर्षी पोत्यावर तिघी बसल्या होत्या, आणि लिलाबाई त्यांना पाणी देऊन आली.

तीन वर्षांनी तांबी बदलायची वेळ आली. इंदिराबाईंची तोवर पाचोऱ्याला बदली झाली होती. लिलाबाई आधी जळगावला मनाच्या डॉक्टरांकडे गेली, न बोलावता, स्वतःहून. अर्धा तास आत होती. सुकदेव बाहेर रिक्षावाल्यांच्या घोळक्यात उभा. बाहेर आली तेव्हा तिच्या पिशवीत एक शर्ट होता. वाटेत बसमध्ये सहा काजं झाली होती. सातवं राहिलं होतं.

"काय विचारलंस?" त्याने विचारलं.

"मूल हवं असेल तर गोळी कशी कमी करायची, ते."

"मग?"

"सांगितलं त्यांनी सगळं."

"मग ठरलं का?"

ती स्टँडच्या बाकावर बसली, सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला ओवला गेला, ते सुकदेवने बघितलं. "नाही," ती म्हणाली. "तुमचं काय?"

त्याने भुवईवरचा कापूस झटकला. "माझंही नाही."

"मग गाडी येईपर्यंत बसा," लिलाबाई म्हणाली आणि सातव्या काजाला कात्री लावली.

त्या वर्षी तिने तांबी बदलून घेतली. का, ते विचारलं तर तिला आजही नीट सांगता येत नाही. एक कारण सांगते, मग थांबते, मग दुसरं सांगते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'येडी' असं उमटताना दिसलं की मात्र ती ताडकन उठते, आतून एक जुनी पिशवी आणते आणि दोन शर्ट समोर टाकते. रुपचंदला ते तिने कधी परत दिलेच नाहीत.

"सांगा," म्हणते, "यातला येडीचा कोणता?"